अपवाद की पाठभेद? : गुडघ्याखालील रोहिण्यांच्या वर्णनाचा इतिहास

१. एक वर्णन

शरीररचनेच्या पाठ्यपुस्तकात गुडघ्याखालील रक्तपुरवठ्याचे वर्णन चार-पाच वाक्यांत संपते. गुडघ्याच्या मागच्या लवणीतून उतरणाऱ्या मुख्य रोहिणीला पॉप्लिटिअल रोहिणी म्हणतात. पॉप्लिटिअस या लहान स्नायूच्या खालच्या कडेशी तिला दोन फाटे फुटतात. एक फाटा दोन हाडांमधल्या पडद्याच्या वरच्या फटीतून पुढे येतो, नडगीच्या बाजूने उतरतो आणि पावलाच्या पाठीवर पोहोचतो. ही अँटेरिअर टिबिअल रोहिणी. दुसरा फाटा म्हणजे एक आखूड खोड असून ते थोडे खाली जाऊन पुन्हा दुभंगते. त्यातील पोस्टेरिअर टिबिअल रोहिणी आतल्या घोट्यामागून तळपायात जाते, तर पेरोनिअल रोहिणी पोटरीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या फिब्युला या बारीक हाडालगत उतरून बाहेरच्या घोट्यापाशी संपते.

हे वर्णन चुकीचे नाही. परंतु ते सर्व माणसांचे वर्णनही नव्हे. काहींच्या पायात हे विभाजन गुडघ्याच्या सांध्याच्या पातळीवर किंवा त्याही वर होते. काहींत तिन्ही फाटे एकाच बिंदूतून निघतात. काहींत पोस्टेरिअर टिबिअल रोहिणी सुताएवढी बारीक असते किंवा मुळीच नसते आणि तिचे काम पेरोनिअल रोहिणी करते. फार थोड्या पायांत अँटेरिअर आणि पोस्टेरिअर या दोन्ही रोहिण्या अपुऱ्या राहतात आणि संपूर्ण पावलाचे पोषण एकट्या पेरोनिअल रोहिणीवर येऊन पडते. अशा रोहिणीला लॅटिन परिभाषेत ‘पेरोनिआ आर्टेरिया मॅग्ना’, म्हणजे ‘थोर पेरोनिअल रोहिणी’, असे नाव आहे. ज्यांच्या पायात हे भेद असतात ती माणसे चालतात, धावतात, म्हातारी होतात. आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही.

मग वर उल्लेखिलेले वर्णन नेमके कोणाचे? बहुसंख्यांचे, आदर्शाचे की मूळ रूपाचे? या तीन शक्यता एकच वाटत असल्या तरी त्या एक नाहीत, आणि वैद्यकाच्या इतिहासात त्यांची सरमिसळ वारंवार झालेली आहे. साहित्याच्या, विशेषतः संहितेच्या अभ्यासकाला हा प्रश्न परिचित आहे. ‘प्रचलित पाठ’, ‘उत्तम पाठ’ आणि ‘प्राचीन पाठ’ यांच्यातील फरक हाच पाठचिकित्सेचा गाभा होय. पोटरीतील तीन रोहिण्यांच्या वर्णनाचा इतिहास या दृष्टीने पाहिला असता, दोन दूरच्या ज्ञानशाखा एकाच अडचणीशी झगडत होत्या असे दिसते.

२. मोजलेले शरीर

भारतीय परंपरेत शरीराच्या अंतर्भागाचे सर्वांत तपशीलवार विवेचन सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात येते. तेथे सिरांची संख्या ७०० दिली असून त्यांची वाटणीही निश्चित आहे : चार शाखांत ४००, कोष्ठात १३६ आणि मानेच्या वरच्या भागात १६४. यांपैकी ९८ सिरा वेध करण्यास अयोग्य मानल्या आहेत. त्यांतील १६ हातापायांत आहेत. एकंदर १०७ मर्मांपैकी प्रत्येक शाखेत ११ मर्मे येतात. पोटरीच्या मध्यावर, टाचेच्या रेषेत, ‘इंद्रबस्ती’ हे मर्म सांगितले असून तेथे घाव झाल्यास रक्तक्षयाने मृत्यू येतो असे म्हटले आहे. पोटरीच्या मागच्या भागात खोलवर मोठ्या रोहिण्या आहेत हे लक्षात घेतले तर या विधानामागे जखमा पाहिलेल्या माणसाचा अनुभव असावा, असे अनुमान करता येते. मात्र संहितेतील ‘सिरा’, ‘धमनी’ आणि ‘स्रोतस्’ या संज्ञांची आजच्या रोहिणी व नीला यांच्याशी सरळ जुळणी होत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

या विवेचनात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली अशी की, संहितेने शवपरीक्षणाची पद्धत दिली आहे. शव पिंजऱ्यात ठेवून, गवताने वेढून, वाहत्या पाण्यात सात रात्री कुजवावे आणि नंतर वाळा, केस, बांबू इत्यादींच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आत जावे, अशी ही पद्धत आहे. शास्त्रात वाचलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले या दोहोंच्या संयोगानेच ज्ञान वाढते, अशी तिची भूमिका आहे. दुसरी गोष्ट अशी की, हे शव कसे असावे याच्या अटी आहेत : ते सर्व अवयवांनी युक्त असावे, विषाने मेलेल्याचे नसावे, दीर्घकाळ आजारी असलेल्याचे नसावे, शंभरी गाठलेल्याचेही नसावे. पाहण्यापूर्वीच काय पाहायचे याची निवड झालेली आहे. संख्या निश्चित आहे, आणि त्या संख्येला साजेसे शरीर शोधले जात आहे. प्रकृतिभेद मानणाऱ्या या परंपरेने माणसामाणसांतील भेद दोषांच्या प्रमाणात, स्वभावात, बळात पाहिला. सिरांच्या मांडणीत तो पाहिला नाही.

तरीही मतभेदाची जाणीव तेथे आहे. वेदवादी ३६० अस्थी मानतात, शल्यतंत्रात मात्र ३००च आहेत, असे सुश्रुतसंहिता स्वतःच नोंदविते. म्हणजे भेद शरीरांमध्ये नव्हे, तर परंपरांमध्ये आहे. १९०७ साली ए. एफ. रुडॉल्फ हर्न्ले यांनी प्राचीन भारतीय अस्थिगणनेवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनी या याद्यांतील विसंगती पाठभ्रष्टतेमुळे आल्या असे मानून त्या दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला. या दुरुस्तीचा मापदंड होता आधुनिक पाठ्यपुस्तकातील सांगाडा. संहिता भ्रष्ट होऊ शकते, सांगाडा नाही, असा हा विश्वास होता. पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयात आयुर्वेदाचे अध्यापन करणारे भास्कर गोविंद घाणेकर यांनी शारीरस्थानावर हिंदी व्याख्या लिहिली, तेव्हा त्यांच्याही समोर प्राचीन संज्ञा आणि अर्वाचीन शारीर यांचा मेळ घालण्याचाच प्रश्न होता. दोन्ही प्रयत्नांत पाठ्यपुस्तकातील शरीर स्थिर बिंदू म्हणून गृहीत धरले आहे. ते शरीर कसे घडले, हे पाहण्यासाठी युरोपच्या इतिहासाकडे वळावे लागते.

३. निवडलेले शरीर

व्हेसेलियस याचा महाग्रंथ १५४३ साली बाझेल येथे प्रसिद्ध झाला. गेलनच्या वचनांपेक्षा हाताखालच्या शरीरावर भिस्त ठेवणारा ग्रंथ म्हणून त्याची कीर्ती आहे. तथापि जाहीर शवविच्छेदनासाठी शक्य तितके समतोल शरीर निवडावे, प्राचीन ग्रीक शिल्पकार पॉलिक्लीटस याच्या प्रमाणभूत पुतळ्यासारखे ते असावे, असा सल्ला त्यानेही दिला आहे. भेद त्याला दिसत होते. पण सार्वजनिक शिक्षणाच्या मंचावर त्यांना जागा नव्हती. सुश्रुतसंहितेच्या अटींशी या सल्ल्याचे साम्य उघड आहे. त्यामागची कारणे मात्र वेगळी आहेत : एकीकडे संख्येची पूर्णता, दुसरीकडे शिल्पाची प्रमाणबद्धता.

ही दृष्टी कळसाला पोहोचली ती लायडन येथील बर्नहार्ड सीगफ्रीड अल्बिनुस याच्या १७४७ च्या चित्रसंग्रहात. सांगाडा आणि स्नायू यांची ही चित्रे यान वांडेलार याने काढली. अल्बिनुसने सांगाडा काळजीपूर्वक निवडला आणि तरीही त्यात जे उणे दिसले ते चित्रात सुधारून घेतले. निसर्गाचे खरे रूप कोणत्याही एका शरीरात पूर्णपणे उतरत नाही, ते तज्ज्ञाच्या दृष्टीने ओळखून काढावे लागते, अशी ही धारणा होती.

याच काळात ग्योटिंगेन येथे आल्ब्रेख्त फोन हालर वेगळ्या वाटेने चालला होता. ‘डी आल्पेन’ या काव्यामुळे जर्मन साहित्याच्या इतिहासात त्याला स्थान आहे; शारीराच्या इतिहासात ते त्याच्या रोहिण्यांच्या चित्रमालेमुळे आहे. ती १७४३ ते १७५६ या काळात खंडशः प्रसिद्ध झाली. हालरने एकच भाग अनेक शवांत पुन्हा पुन्हा तपासला. चित्रात नेहमी आढळणारी मांडणी आली, तर भेद सोबतच्या मजकुरात नोंदले गेले. चित्र वर आणि भेद खाली, अशी ही पृष्ठरचना चिकित्सित आवृत्तीच्या पृष्ठरचनेची आठवण करून देणारी आहे. १८२२ साली हायडेलबर्गच्या फ्रीडरिख टीडमान याने रोहिण्यांचा भव्य चित्रसंग्रह काढला, त्यात अनेक भेदांना स्वतःचे चित्र मिळाले. तळटीपेतला पाठ मुख्य पृष्ठावर येण्याची ही सुरुवात होती.

४. एक हजार चाळीस शरीरे

रोहिण्यांमधील भेदांना निव्वळ कुतूहलापलीकडचे महत्त्व आले ते शस्त्रक्रियेमुळे. डिसेंबर १७८५ मध्ये लंडनमध्ये जॉन हंटर याने एका गाडीवानाच्या गुडघ्यामागील रोहिणीला आलेल्या फुगवट्यावर उपचार केला. फुगवट्याला हात न लावता त्याने मांडीतील रोहिणी वर बांधून टाकली. आडमार्गाच्या बारीक वाहिन्या मोठ्या होऊन खालच्या पायाला रक्त पुरवतील, हा त्याचा तर्क खरा ठरला आणि पाय वाचला. यानंतर रोहिणी बांधणे ही शल्यविशारदाची नित्याची कृती झाली. साहजिकच ती जेथे असायला हवी तेथे नसली, किंवा एकीऐवजी दोन असल्या, तर काय, हा प्रश्न रुग्णाच्या जिवाचा झाला.

या प्रश्नाला संख्येने उत्तर देण्याचा पहिला मोठा प्रयत्न रिचर्ड क्वेन याने केला. आयर्लंडमध्ये १८०० साली जन्मलेला क्वेन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शारीराचा प्राध्यापक होता. १८४४ साली पूर्ण झालेल्या त्याच्या ग्रंथाच्या शीर्षकातच मानवी शरीरातील रोहिण्यांची रचना आणि तिचा विकृतिविज्ञान व शस्त्रक्रिया यांतील उपयोग यांची सांगड आहे. या ग्रंथाचा आधार होता १०४० शवांवरील निरीक्षणे. प्रत्येक शवात प्रत्येक रोहिणी नोंदली गेली असे नाही. पण एखादी मांडणी ‘क्वचित’ किंवा ‘कधीकधी’ आढळते असे म्हणण्याऐवजी इतक्यांपैकी इतक्यांत आढळते असे म्हणण्याची रीत येथे रूढ झाली. नियम आता पंडिताच्या नजरेत राहिला नाही. तो कोष्टकात आला.

ग्रंथासोबत मोठ्या आकाराच्या ८७ शिळाछाप चित्रांचा संग्रह होता. ही चित्रे जोझेफ मक्लीस याने काढली. तो स्वतः शल्यविशारद होता आणि डिकन्सचे प्रसिद्ध व्यक्तिचित्र रंगविणारा डॅनियल मक्लीस हा त्याचा भाऊ. चित्रांतील शरीरे घडीव आहेत. जेथे चेहरा दिसतो तेथे तो झोपलेल्या माणसाचा वाटतो. कोष्टकातील आकडा आणि चित्रातील देह यांत एक अंतर पडलेले आहे. भेद खरा आहे, पण ज्याच्या शरीरात तो सापडला त्या माणसाला जणू अभिजात शिल्पाचे रूप देऊन त्याची ओळख पुसून टाकली आहे.

ती माणसे कोण होती? १८२८ साली एडिंबरोत बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा जणांचे खून करून शवे शारीराच्या अध्यापकाला विकल्याचे उघडकीस आले. त्यानंतर १८३२ साली ब्रिटिश पार्लमेंटने शवविच्छेदनविषयक कायदा केला. तोवर कायद्याने मिळणारी शवे प्रामुख्याने फाशी गेलेल्या खुन्यांची असत. आता अनाथगृहांत आणि रुग्णालयांत मरण पावलेल्या, कोणी दावा न सांगितलेल्या गरिबांची शवे शिक्षणसंस्थांना मिळू लागली. पूर्वी जी शिक्षा गुन्ह्याला होती ती आता दारिद्र्याला झाली, हे रूथ रिचर्डसन यांनी १९८७ च्या आपल्या अभ्यासात सविस्तर दाखविले आहे. मोठ्या संख्येचे शारीर ज्या काळात उभे राहिले त्या काळाची ही पार्श्वभूमी आहे. ‘सर्वसामान्य मानवी पाय’ ही कल्पना ज्यांच्या पायांवर उभी राहिली, त्यांची नावे ग्रंथात नाहीत.

५. विषमता आणि नियम

१८३२ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी पॅरिसमध्ये इझिदोर जॉफ्र्वा सँ-तिलेर याच्या विकृतिरचनांवरील ग्रंथाचा पहिला खंड निघाला. शरीररचनेतील सर्व विचलनांची त्याने श्रेणी लावली. ज्यांनी कोणतेही कार्य बिघडत नाही असे साधे भेद एका टोकाला आणि अपूर्व, जगण्यास अक्षम अशा रचना दुसऱ्या टोकाला. रोहिण्यांमधील बहुतेक भेद पहिल्या गटात मोडतात. या वर्गीकरणाचे महत्त्व ओळखले ते फ्रेंच तत्त्वज्ञ जॉर्ज काँगिलेम याने. १९४३ साली लिहिलेल्या आणि १९६६ साली वाढविलेल्या आपल्या प्रबंधात त्याने दाखविले की, ‘अॅनोमली’ हा शब्द ग्रीकमधील ‘सपाट, सम’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ ‘खडबडीत, विषम’ इतकाच होतो. ‘नोमोस’ म्हणजे ‘कायदा’ या शब्दाशी त्याचे नाते नाही. हे खोटे नाते जोडले गेल्यामुळे, जे केवळ असमान होते ते नियमबाह्य वाटू लागले. मराठीतही ‘विकृती’ आणि ‘अपवाद’ हे दोन शब्द अशा जागी सर्रास वापरले जातात. पहिल्यात रोगाची आणि दुसऱ्यात नियमभंगाची छटा आहे. ‘भेद’ हा साधा शब्द या दोन्ही छटांपासून मुक्त आहे.

१८३५ साली बेल्जियन गणिती केतले याने ‘सरासरी माणूस’ ही संकल्पना मांडली. त्याच्या मते सरासरी हीच निसर्गाचे लक्ष्य होती आणि त्यापासूनचे अंतर ही एक प्रकारची चूक होती. क्वेनची कोष्टके आणि केतलेची सरासरी ही एकाच दशकाच्या आसपासची असली तरी त्यांतील फरक मूलभूत आहे. उंचीची सरासरी काढता येते. रोहिणीच्या फाट्यांची काढता येत नाही. फाटा येथे असतो किंवा तेथे. दोन मांडण्यांच्या मधली मांडणी कोणाच्याच पायात नसते. म्हणून रोहिण्यांच्या शास्त्राला सरासरीऐवजी प्रकारांची यादी करावी लागली.

यादीसाठी नावे लागतात, आणि नावांतही पाठभेद होते. निरनिराळ्या देशांत शरीराच्या भागांना मिळून सुमारे ५०,००० नावे चालू होती; १८९५ साली बाझेल येथे संमत झालेल्या नामावलीने ती सुमारे पाच हजारांवर आणली. पेरोनिअल रोहिणीचे उदाहरण बोलके आहे. ग्रीक ‘पेरोने’ आणि लॅटिन ‘फिब्युला’ या दोहोंचा अर्थ एकच : वस्त्र अडकविण्याची पिन. हाड लॅटिन नावाने ओळखले जाऊ लागले, त्याच्या रोहिणीला ग्रीक नाव राहिले. १९९८ च्या आंतरराष्ट्रीय परिभाषेने ‘फिब्युलर’ला अग्रक्रम दिला आणि ‘पेरोनिअल’ला पर्याय म्हणून ठेवले, रुग्णालयांत दोन्ही शब्द चालतात. बोलीने शास्त्रावर मात केल्याचेही एक उदाहरण येथे आहे. गुडघ्याखालील विभाजनाला शल्यविशारद सहजपणे ‘ट्रायफर्केशन’, म्हणजे त्रिभाजन, म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक पायांत ते दोनदा झालेले द्विभाजन असते. खरे त्रिभाजन हा विरळा भेद आहे. म्हणजे नित्याच्या मांडणीला अपवादाचे नाव मिळाले आहे.

मोजणीचा रोख पुढे दुसऱ्याही दिशेने वळला. स्ट्रासबुर्ग येथे शिकून आलेल्या बुंतारो अडाची या जपानी शारीरज्ञाने १९२८ साली क्योतो येथून जपानी लोकांच्या रोहिणीसंस्थेवर जर्मन भाषेत दोन खंड प्रसिद्ध केले. युरोपीय शरीरावर आधारलेले प्रमाण सर्व मानवजातीला लागू पडते काय, हा त्यामागचा प्रश्न होता. प्रश्न वंशाच्या परिभाषेत विचारला गेला, ही त्या काळाची मर्यादा. परंतु एका परिणामाकडे दुर्लक्ष करता येत नाही : युरोपातील पुस्तकातले ‘मानवी शरीर’ हेही एका ठिकाणच्या शरीरांचे वर्णन आहे, हे त्यामुळे उघड झाले.

६. वंशावळ

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत भेद नोंदले गेले, मोजले गेले. पण ते का होतात याचे उत्तर मिळाले नव्हते. ते गर्भविज्ञानाने दिले. १९१९ साली एच. डी. सीनियर याने गर्भातील पायाच्या रोहिण्यांचा विकास टप्प्याटप्प्याने मांडला. गर्भाच्या पायाच्या अंकुरात प्रथम एकच मधली रोहिणी असते. ती नितंबाकडून मांडीच्या मागून तळपायापर्यंत जाते. पुढे मांडीच्या पुढच्या बाजूची फीमोरल रोहिणी वाढून तिच्याशी जोडली जाते आणि मुख्य प्रवाह आपल्याकडे घेते. मूळ रोहिणी बहुतांशी विरून जाते. तिचे अवशेष उरतात ते गुडघ्यामागील रोहिणीच्या काही भागात आणि पेरोनिअल रोहिणीत. दोन्ही टिबिअल रोहिण्यांचे आजचे मार्ग त्या मानाने नंतरचे आहेत.

या विकासक्रमाने जुन्या नोंदींचा अर्थच बदलला. पी. एच. ग्रीन याने १८३२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडीच्या रोहिणीचा एक नवा प्रकार म्हणून जे वर्णिले होते, ते गर्भावस्थेतील मूळ रोहिणीचे प्रौढ शरीरात टिकून राहिलेले रूप होते. पक्ष्यांत तर पायाला मुख्य रक्तपुरवठा याच मागच्या मार्गाने होतो. ‘थोर पेरोनिअल रोहिणी’ हीदेखील विक्षिप्त निर्मिती राहिली नाही. नंतरचे मार्ग पुरेसे वाढले नाहीत तेव्हा जुन्या मार्गाने पुन्हा उचललेला भार, असा तिचा अर्थ लागला. तीन रोहिण्यांपैकी पाठ्यपुस्तकात सर्वांत कमी जागा मिळणारी आणि घोट्यापाशी जिची नाडी सहसा हाताला लागत नाही, ती पेरोनिअल रोहिणीच सर्वांत जुनी, आणि म्हणूनच सर्वांत क्वचित गैरहजर राहणारी, ठरली. जे बहुसंख्य आहे ते प्राचीन असेलच असे नाही.

७. पाठचिकित्सेशी तुलना

क्वेन १८८७ साली मरण पावला. आपली बरीचशी संपत्ती त्याने युनिव्हर्सिटी कॉलेजला ठेवली, ती आधुनिक भाषांच्या, विशेषतः इंग्रजीच्या, आणि निसर्गविज्ञानाच्या अध्यापनासाठी. त्यातून निर्माण झालेल्या इंग्रजी भाषा-साहित्याच्या क्वेन अध्यासनावर १८८९ पासून डब्ल्यू. पी. केर होता. युरोपीय महाकाव्य आणि रोमान्स यांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्या त्याच्या १८९७ च्या ग्रंथाची ओळख या विषयाच्या अभ्यासकांना वेगळी करून द्यायला नको. रोहिण्यांच्या कोष्टकांतून तौलनिक साहित्याच्या अध्यासनाकडे जाणारी ही वाट योगायोगाची आहे. तिला पद्धतीचे नाते समजू नये. पद्धतीचे साम्य दुसरीकडे शोधावे लागते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम आरंभिले आणि ते १९६६ साली पूर्ण झाले. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. आकडा क्वेनच्या १०४० शवांजवळचा असला तरी दोन्ही ठिकाणी मोजणीचे स्थान निराळे आहे. वि. स. सुकथनकर यांनी १९३३ च्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत हस्तलिखितांच्या संख्येला निर्णायक मानले नाही. उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील स्वतंत्र परंपरांची जेथे एकवाक्यता होते तेथे जुना पाठ शोधला. लोकप्रिय नीलकंठी पाठ बहुसंख्य असूनही प्रमाण ठरला नाही. या अर्थाने सुकथनकरांची रीत क्वेनपेक्षा सीनियरच्या जवळ जाते : दोघांनीही मोजणीवरून वंशावळीकडे प्रस्थान ठेवले. सिद्ध केलेली संहिता हे व्यासांचे मूळ महाभारत नव्हे, उपलब्ध साधनांतून पोहोचता येणारे सर्वांत जुने रूप आहे, हेही सुकथनकरांनी स्पष्ट केले. इतर सर्व पाठ त्यांनी टाकून दिले नाहीत. पृष्ठाच्या खालच्या भागात आणि परिशिष्टांत जपून ठेवले.

तुलना येथे थांबविली पाहिजे, कारण येथून पुढे ती दिशाभूल करते. हस्तलिखित हे दुसऱ्या हस्तलिखितावरून उतरलेले असते. पाठभेदाच्या मागे लेखनिकाचा प्रमाद, सुधारणा किंवा भर असते. पायातील रोहिणी कोणत्याही आधीच्या प्रौढ पायावरून नकललेली नसते. प्रत्येक गर्भात बारीक वाहिन्यांचे जाळे तयार होते आणि त्यातील काही मार्ग प्रवाहाबरोबर मोठे होतात, काही मिटतात. शक्यता सर्वांत सारख्या असतात, निष्पत्ती निराळी होते. म्हणून पोटरीतील भेद हा भ्रष्ट पाठ नव्हे. ए. के. रामानुजन यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात रामकथेच्या संदर्भात ‘पाठ’ किंवा ‘भेद’ यांसारख्या शब्दांऐवजी ‘कथन’ या अर्थाचा शब्द पसंत केला. कारण आधीचे शब्द एखादी अविकारी मूळ संहिता गृहीत धरतात. रोहिण्यांच्या बाबतीत महाभारताच्या आवृत्तीपेक्षा रामानुजनांचा हा विचार अधिक लागू पडतो. प्रत्येक पाय हे पूर्ण कथन आहे. त्याला कोणत्याही मूळ पायाची उणीव नाही.

८. शस्त्रक्रियेच्या टेबलावर

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. क्ष-किरणांचा शोध प्रसिद्ध झाला त्याच सुमारास, जानेवारी १८९६ मध्ये, व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल यांनी कापलेल्या हाताच्या वाहिन्यांत द्रव्य भरून त्यांचे छायाचित्र घेतले. जिवंत माणसाच्या रोहिण्या पाहणे १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात पोर्तुगालमधील ईगास मोनीझ आणि रेनाल्दो दुस सांतुस यांच्या कार्यामुळे शक्य झाले. भेद शोधण्यासाठी आता शव लागत नव्हते. १९८९ साली किम, ऑरॉन आणि स्किलमन यांनी ६०५ पायांच्या अँजिओग्राफीवरून गुडघ्याखालील विभाजनाचे एकत्रित वर्गीकरण मांडले. नेहमीची मांडणी सुमारे ९२ टक्के पायांत आढळली. उरलेले भेद त्यांनी विभाजनाची पातळी आणि अपुऱ्या राहिलेल्या फाट्यांची जागा यांनुसार गटांत बसविले. हे वर्गीकरण आदर्श सांगत नाही आणि वंशावळही सांगत नाही. पुढे काय करायचे आहे यावरून ते भेद पाहते.

आणि करायचे पुष्कळ असते. काही पायांत अँटेरिअर टिबिअल रोहिणी वरच्या पातळीवर निघून पॉप्लिटिअस स्नायूच्या पुढून, हाडाला लागून, उतरते. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत करवत त्या हाडाच्या मागच्या कडेपर्यंत जाते. १९७५ साली ऑस्ट्रेलियात टेलर आणि सहकाऱ्यांनी फिब्युलाचा तुकडा त्याच्या रक्तवाहिनीसह काढून दुसरीकडे जोडण्याची शस्त्रक्रिया वर्णिली. १९८९ साली हिडाल्गो याने तिचा उपयोग जबड्याच्या पुनर्रचनेसाठी केला. भारतात तंबाखूमुळे होणाऱ्या मुखकर्करोगाचे प्रमाण मोठे असल्याने ही शस्त्रक्रिया येथील कर्करोग रुग्णालयांत नित्याची झाली आहे. फिब्युलासोबत काढली जाणारी वाहिनी म्हणजे पेरोनिअल रोहिणीच. बहुतेकांत ती काढली तरी उरलेल्या दोन रोहिण्या पावलाला पुरतात. ज्याच्या पायात ‘थोर पेरोनिअल रोहिणी’ आहे, त्याचे मात्र जबड्यासाठी पाऊल जाऊ शकते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही नाड्या चाचपल्या जातात आणि शंका आल्यास, काही ठिकाणी शंका नसतानाही, रोहिण्यांचे चित्र घेतले जाते. पाठ्यपुस्तकातील वाक्यावर विसंबून राहता येत नाही, ही गोष्ट येथे वादाची राहत नाही.

हे चित्र वाचण्याचे शिक्षण आजही शवापासूनच सुरू होते. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मधुसूदन गुप्त यांच्या सहभागाने १८३६ साली झालेल्या शवविच्छेदनापासून भारतात या शिक्षणाची आधुनिक परंपरा मोजली जाते. मुंबई प्रांतात १९४९ साली केलेल्या कायद्याने बेवारस शवे वैद्यकीय शिक्षणाला मिळण्याची तरतूद केली. १८३२ च्या ब्रिटिश कायद्यातील तत्त्वच त्यात उतरले आहे. स्वेच्छेने केलेल्या देहदानाची चळवळ या व्यवस्थेला पर्याय म्हणून पुढे आली. तीत देणाऱ्याचे नाव असते, संमती असते. तरीही क्वेनच्या कोष्टकातील प्रत्येक आकड्यामागे जसा निनावी माणूस होता, तसा आजच्या अनेक विच्छेदनगृहांतील टेबलांवरही असतो. ज्याच्या पायात पुस्तकापेक्षा वेगळे काही सापडते, त्याची नोंद होते आणि तिचा उपयोग पुढच्या एखाद्या अनोळखी रुग्णाला होतो. नोंद करणाऱ्याने त्या भेदाला काय नाव द्यायचे, विकृती, अपवाद की नुसता भेद, हा शब्दाचा प्रश्न आहे. परंतु पुढचा वाचक त्या पायाकडे कसा पाहील, हे त्या शब्दावरच अवलंबून असते.